ब्लॅक बुकमधली दोन नावं

१

पिठाच्या डब्याचं झाकण थडथडलं आणि दुपारची शांतता मोडली.

मोबाइल डब्यावर होता, कारण घाटकोपरच्या त्या एका खोलीत नेटवर्क यायचं ते फक्त खिडकीखाली ठेवलेल्या त्या डब्यावर. चेतनानं आधी चटईकडे पाहिलं. पाच वर्षांची जान्हवी मुठीत निळा खडू धरून झोपली होती, हलली नाही. मग तिनं मोबाइल उचलला.

केयूरनं वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकले होते. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अहवाल काळ्या कापडी पुठ्ठ्यात बांधतात, वर सोनेरी अक्षरं. पोरं त्याला ब्लॅक बुकच म्हणतात. पहिल्या फोटोत ते पुस्तक, दुसऱ्यात त्यातलं प्रमाणपत्राचं पान: हा प्रकल्प खालील विद्यार्थ्यांनी पूर्ण केला आहे. खाली नावं.

केयूर. तेजल.

तिनं दोन बोटांनी पान मोठं केलं, मग आणखी मोठं. अक्षरं फुटेपर्यंत मोठं केलं तरी तिसरं नाव काही उगवलं नाही.

प्रोजेक्ट कोणाचा, हे वस्तीतल्या कुणालाही विचारावं. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो काढायचा, ॲप ते हाताचं अक्षर वाचणार आणि आईला सांगणार, कुठली लस राहिली, कधी द्यायची. कल्पना चेतनाची. सासूबाई द्रौपदी आरोग्य स्वयंसेविका. दोघींनी दारोदार फिरून सहाशे बारा कार्डांचे फोटो गोळा केले होते, आणि प्रत्येक तारीख चेतनानं जान्हवीला मांडीवर घेऊन टाइप केली होती. जान्हवीच्या वेळी सुटलेलं शिक्षण तिनं पुन्हा धरलं होतं आणि डिग्रीची मुदत याच उन्हाळ्यात संपत होती. शुक्रवारी तोंडी परीक्षा. त्या पानावर नाव नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे डिग्री नाही, आणि पुढचं वर्ष तिच्या वाट्याला नव्हतंच.

आज बुधवार होता.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं होती. लॉगबुक. दर आठवड्याला काय काम झालं ते त्यात लिहायचं, तिघांनी सह्या करायच्या, शेवटी गाइडची, म्हणजे सामंत सरांची, सही. वर्षभर ते चेतनानंच लिहिलं होतं आणि सोमवारी सकाळी सरांच्या टेबलावर ठेवून आली होती. सर नेहमीप्रमाणे जागेवर नव्हते. रविवारी संध्याकाळी जान्हवीनं त्याच्या शेवटच्या पानावर एक बदक काढून ठेवलं होतं, निळं, चार पायांचं. तिची सगळीच बदकं चार पायांची. चेतनाच्या ते लक्षात आलं सोमवारी कॉलेजच्या फाटकात. खोडायला मन झालं नाही.

तिनं जान्हवीच्या अंगावर ओढणी टाकली, सासूबाईंना हाक मारली आणि चपला घातल्या.

२

मुलुंडच्या कॉलेजात राजेश सामंत सरांना लोक मानायचे. शिकवणं रसाळ, कपड्यांना इस्त्री, आणि सही तर बघण्यासारखी. नाव लिहून झालं की सर हात न उचलता पेन उलटं फिरवायचे आणि नावाखालून एक लांब शेपूट डावीकडे ओढायचे. पोरं त्या शेपटाची नक्कल करायची.

चेतनाचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग दुःख झाल्यासारखं सांगितलं की आपल्यालाही आज सकाळीच कळलं. केयूर पुस्तक घेऊन आला, म्हणाला चेतनानं ग्रुप सोडलाय, घरची अडचण आहे. आपण सही केली.

"बांधलेल्या पुस्तकावर केली, चेतना. सुट्या पानावर मी सही करत नाही, हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे."

ते खरं होतं. कधीकाळी कुणी सहीचं पान बदललं होतं, तेव्हापासूनचा तो नियम. त्यांनी ब्लॅक बुक तिच्यापुढे सरकवलं. तिनं उघडलं. डावीकडे खाली सरांची निळी सही, शेपूट मागे वळून थेट शिवणीत शिरलेलं. सहीवरची दोन नावं तिच्याकडे बघत होती. ती सहीकडे काय बघणार.

लॉगबुक विचारल्यावर सरांनी कपाटातून एक वही काढली. नवी कोरी, सव्वीस आठवडे, सव्वीस सह्या, एकही खाडाखोड नाही. सह्यांच्या रकान्यात केयूर आणि तेजल. अक्षर चेतनानं क्षणात ओळखलं. तीन वर्षं मागे पडलेल्या पोरीला ज्या मैत्रिणीनं आपल्या नोट्स दिल्या होत्या, तिचं ते गोलगोल अक्षर. तेजलचं.

"माझी वही वेगळी होती, सर. सोमवारी इथे ठेवली होती."

सर म्हणाले, हीच एक वही आपल्याकडे आली. दुसरी आपण पाहिलेली नाही.

ती बाहेर आली तेव्हा दारातच श्यामसुंदरकाका चहाची किटली घेऊन उभे. लॅबची साफसफाई, सरांच्या केबिनचा केर, रद्दी, चहा, सगळं त्यांच्याकडे. वीस वर्षं कंत्राटावर, पण बोली अजून मालवणची.

"काय गो, तुझा चेडू अजून बदकाक चार पायच काढता?"

"हो काका, चारच," म्हणत ती पुढे निघून गेली. डोळ्यांपुढे तेजलचं अक्षर होतं. बाकी काही दिसत नव्हतं.

३

गुरुवारी सकाळी केयूर कँटीनमध्ये सापडला. बड्या कंपनीत नोकरी पक्की झालेला मुलगा जसा बसतो तसा, दोन खुर्च्या अडवून.

त्याचं म्हणणं असं की त्यानं दादूला, म्हणजे फाटकासमोरच्या बाइंडरला, सोमवारी पेनड्राइव्ह दिला तेव्हा त्यात तीन नावं होती. मंगळवारी रात्री आठला बांधलेली पुस्तकं हातात पडली, त्यात दोन. मग त्यानं काय केलं? काही नाही. त्याला जूनमध्ये नोकरीवर हजर व्हायचं होतं.

"सरांना तू सांगितलंस का, की मी ग्रुप सोडला?"

केयूरनं वडापावचा घास चावायला फार वेळ घेतला. "सर म्हणतायत ना सांगितलं, मग सांगितलं असेल. हे बघ यार, तुझं काम डेटा एन्ट्रीचं होतं. मोठं काम होतं, मी नाही म्हणत नाही. पण एवढं ताणू नकोस, सगळ्यांचीच वाट लागेल."

सांगितलं असेल. चेतनानं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं. आपण काय बोललो हे सरांकडून ऐकणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

तेजल लायब्ररीत होती. बोरिवलीहून येणारी, कायम उशिरा येणारी, आज मात्र सगळ्यांच्या आधी येऊन कोपऱ्यात बसलेली. वही वर्षभर मीच लिहिली, एवढंच ती म्हणाली, तेही टेबलाकडे बघून. उजव्या हाताचं मधलं बोट ती पुन्हा पुन्हा चोळत होती. पेन टेकतं तिथे लाल फोड आला होता.

"गेल्या शनिवारी तूच मला म्हणालीस ना गं," चेतना हळूच म्हणाली, "की सगळ्या ग्रुपची लॉगबुकं शेवटी एका बैठकीत लिहितात, तूही पुन्हा नीट लिहून काढ म्हणून?"

"म्हणाले असेन."

"मी काय म्हटलं होतं?"

तेजल पुन्हा बोट चोळू लागली. चेतनानं तेव्हा म्हटलं होतं, जे झालं ते लिहिलंय, आता दुसरं कुठून आणू.

फाटकाशी येते तोच सरांचा फोन आला. आवाज मधाळ. उद्या तपासणी समिती येतेय, सगळी लॉगबुकं बघणार आहे, अशा वेळी गोंधळ बरा नव्हे. चेतनानं एक अर्ज द्यावा, घरगुती अडचण म्हणून. पुढच्या वर्षी आपण जातीनं लक्ष घालू. लहान मुलाच्या आईनं एवढी धावपळ करायची तरी कशाला?

"पुढचं वर्ष मला नाहीये, सर, हे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि असतं तरी घेतलं नसतं."

४

दादूच्या दुकानात सरसाचा वास आणि गुडघ्याएवढे काळ्या पुस्तकांचे ढीग. सीझनमध्ये दादू माणसांची तोंडं बघत नाही, कागद बघतो. मंगळवारी दुपारी कॉलेजातून पाकीट आलं होतं एवढं त्याला आठवत होतं: प्रमाणपत्राची चार पानं, या ग्रुपची जुनी काढा नि ही घाला. कोणी आणलं? कोण जाणे. पानांवर काय होतं? त्यानं वाचलं नव्हतं. तीनशे पुस्तकं शिवणारा माणूस वाचत बसला तर बायको घरात घेईल काय, असं त्यानंच तिला उलट विचारलं.

बोलता बोलता तो एक पुस्तक शिवत होता. कडेला भोकं, दोरा, वरून सरस, मग पुठ्ठा. चेतना बघत राहिली. पानाची डावी बोटभर पट्टी शिवणीत गेली की गेली. पुस्तक कितीही उघडा, ती पट्टी पुन्हा उजेडात येत नाही.

तिनं दादूचा हात थांबवला.

"दादू, एक रद्दी पुस्तक द्या. आणि पेन."

तिनं बांधलेलं पुस्तक उघडून उजवीकडून डावीकडे एक रेघ ओढली. पेनाचं टोक शिवणीशी येऊन अडलं, घसरलं, रेघ वर चढली. दुसऱ्यांदा ओढली, तेच. मनगट आत जाईच ना. काल पाहिलेलं निळं शेपूट तर सरळ, न अडखळता, शिवणीच्या पोटात शिरलेलं होतं.

म्हणजे सही झाली तेव्हा शिवण नव्हती.

जो माणूस सुट्या पानावर सही करत नाही, त्यानं मंगळवारी दुपारच्या आत सुट्या पानावर सही केली होती, आणि त्या पानावर तेव्हाच दोन नावं होती. केयूर तर पुस्तक घेऊन बुधवारी गेला.

कोण, हे कळलं. पण का? सरांना तिच्या नावाशी काय वैर?

५

उत्तर घरी मिळालं, भाकऱ्या थापताना. नाक्यावर जयंतीच्या पताका लावायची गडबड चालली होती, नवरा मिथुन पोरांबरोबर शिडी धरायला गेला होता, आणि सासूबाई विचारत होत्या की त्या वहीत असं होतं तरी काय.

चेतना आठवून सांगत गेली. तिसरा आठवडा, चाळीस कार्डं. नववा आठवडा, शिक्क्याची शाई पसरली की ॲप चुकतं. चौदावा आठवडा, जान्हवीला ताप, तरी गेले, तासभर थांबले, सर भेटले नाहीत. पंधरावा, सर भेटले नाहीत.

"किती वेळा लिहिलंस तसं?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

एकोणीस वेळा. सव्वीसांपैकी. गाइडला भेटायचा वार गुरुवार, आणि गुरुवारी दुपारी सर अंधेरीच्या खासगी क्लासला शिकवायला जायचे, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. लिहिलं कुणीच नव्हतं. आणि उद्या समिती लॉगबुकं बघणार होती.

भाकरी तव्यावर करपली. इतके दिवस चेतनाला वाटत होतं की वही आपल्या हजेरीची साक्ष आहे. ती साक्ष होती सरांच्या गैरहजेरीची. वही बदलणं सोपं होतं. पण नव्या वहीत दर आठवड्याला तिघांच्या सह्या लागणार, आणि चेतना खोट्या पानावर सही करणार नाही हे तेजलला माहीत होतं, म्हणजे सरांनाही कळलं होतं. सही मिळणार नसेल तर रकानाच नको. रकाना नको तर नावही नको. एवढंच होतं ते. वैर नव्हतंच.

"आई, बघ," जान्हवी म्हणाली. विजेच्या बिलामागे नवं बदक. चार पाय.

चेतनानं लेकीचा हात धरला आणि तशीच थांबली. जान्हवी कॉलेजात कधी गेलेली नाही. बदकांबद्दल तिनं तिथे कुणाला सांगितलेलं नाही. कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं एकच बदक होतं, सोमवारी, त्या वहीच्या शेवटच्या पानावर.

मग काकांना पाय कसे माहीत?

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी पोहोचली. काका लॅबची फरशी पुसत होते. तिनं सरळच विचारलं. काकांचा हात थांबला, फडकं पिळलं गेलं, पाणी बादलीत पडत राहिलं. शेवटी ते म्हणाले, माका काय ठावक नाय, आणि पाठ फिरवली. दर सहा महिन्यांनी त्यांचं कंत्राट नवं व्हायचं, आणि त्यासाठीचा शेरा सामंत सर लिहायचे. चेतनाला ते समजलं. तिनं मनाशी ठरवलं, आत काहीही झालं तरी काकांचं नाव घ्यायचं नाही.

६

बाहेरून आलेल्या परीक्षक सुगंधा तांडेल मॅडम मनोरीच्या. सकाळी तर, म्हणजे फेरीची होडी, पकडून खाडी ओलांडून आलेल्या, त्यामुळे साडीचा काठ किंचित ओला. केयूर आणि तेजलचं नाव पुकारलं तेव्हा तिघं आत आले.

"यादीत दोनच आहेत," मॅडम म्हणाल्या.

"तिसरी मी. पाच मिनिटं द्या, मॅडम. मग हवं तर बाहेर काढा."

सर उठले. मॅडमनी हातानंच त्यांना बसवलं.

चेतना टेबलापाशी गेली. तिनं ब्लॅक बुक उघडून पुढे ठेवलं, पेन ठेवलं, आणि म्हणाली, सरांनी ही सही बुधवारी बांधलेल्या पुस्तकावर केली असं सर सांगतात. त्यांनी तीच सही, शेपटासकट, पुढच्या पानावर त्याच जागी आत्ता पुन्हा करून दाखवावी.

सरांनी पेन उचललं नाही. मॅडमनी उचललं. त्यांनी स्वतः रेघ ओढली, शिवणीशी अडली. खालच्या शेपटावरून त्यांनी नख फिरवलं, ते आत नाहीसं झालं. मग त्यांनी केयूरकडे बघून विचारलं की पुस्तकं कधी मिळाली.

"मंगळवारी. रात्री आठला."

"आणि हिनं ग्रुप सोडला असं तू सरांना सांगितलंस?"

केयूरनं सरांकडे पाहिलं, मग छताकडे, मग मान हलवली. नाही.

चेतनानं बाकीचंही सांगितलं, एकोणीस गुरुवार, सह्यांचा रकाना, आजची समिती. सर हसले. हसणं छान जमलं होतं.

"गोष्ट चांगली रचलीस. पण ती वही कुठे आहे? एक तरी माणूस आहे का इथे, ज्यानं ती पाहिली?"

चेतनाला माणूस माहीत होता. तिनं ओठ मिटून घेतले. तेजलच्या हुंदक्याचा आवाज आला. मॅडम घड्याळाकडे बघू लागल्या, आणि चेतनाला कळलं की तिची पाच मिनिटं संपली.

दार उघडलं. श्यामसुंदरकाका चहाचा ट्रे घेऊन आत आले. चार कप त्यांनी एकेक करून उतरवले, सावकाश, एक थेंब न सांडता. मग ट्रे रिकामा झाला, आणि ट्रेच्या तळाशी कपांखाली ठेवलेली वही तेवढी उरली. कडा दुमडलेल्या, पुठ्ठ्यावर चेतनाचं घाईचं अक्षर.

"सोमवारी सायेबांनी रद्दीत घालूक सांगल्यानी," ते मॅडमना म्हणाले. "मी घालतलंय होतंय. मागे बघलंय तर पोराचा चित्र. पोराचा चित्र रद्दीत कसा घालूचा? माका जमाक नाय."

मॅडमनी शेवटचं पान उघडलं. निळं बदक, चार पाय.

तेव्हा तेजल बोलली. सोमवारी संध्याकाळी सरांनी बोलावलं, दोन तासांत सव्वीस आठवडे लिहून घेतले. चेतनाचं काय म्हणून विचारलं तर म्हणाले, ती सोडतेय, तिला त्रास देऊ नका. "मी फोन करायला हवा होता तुला," ती म्हणाली. "केला नाही, कारण मला माहीत होतं तू काय सांगशील."

चेतनानं तिच्याकडे पाहिलं. माफ केलं असं तिला म्हणता आलं नाही, म्हणून ती म्हणालीही नाही.

मॅडमनी दोन्ही वह्या आणि पुस्तक स्वतःच्या पिशवीत घातलं. हे आधी प्राचार्यांकडे, मग समितीकडे, त्या सरांना म्हणाल्या, आणि तुम्ही या खोलीबाहेर थांबा. मग चेतनाकडे वळल्या.

"आता प्रोजेक्ट दाखव. पसरलेल्या शिक्क्याखालची तारीख तुमचं ॲप कशी ओळखतं?"

केयूरनं चेतनाकडे पाहिलं. चेतना म्हणाली, नर्सबाई घाईत असतात, तारीख चौकटीत बसवत नाहीत, तिरकी लिहितात. शिक्का मात्र कायम आडवा. तिरकं ते हात, आडवं ते शिक्का, हे कार्डं गोळा करताना कळलं, पुस्तकात नव्हतं. मॅडम वीस मिनिटं विचारत राहिल्या. शेवटी त्यांनी गुणपत्रिकेवर पेनानं तिसरं नाव लिहिलं आणि शेजारी सही केली, आखूड, बिनशेपटाची.

७

घरी जान्हवी दारातच होती. आईनं उचलून घेतलं, गरगर फिरवलं, सासूबाईंनी चेतनाला मुठीनं साखर भरवली, मिथुननं शेजाऱ्यांपर्यंत पोहोचेल अशा आवाजात बातमी सांगितली. मग पोरीला सगळी गोष्ट हवी होती, पहिल्यापासून. चेतनानं सांगितली, बदक आलं तेव्हा दोनदा.

जान्हवी उठली, कागद शोधला, बसली. या खेपेला तिनं मोठं बदक काढलं, चारही पायांत बूट घालून.

"हे काकांना. तू नेशील?"

"नेईन की. सोमवारी निकालाचा कागद आणायला जायचंच आहे."

चेतनानं कागदाची घडी घातली. ती कॉलेजातून निघताना काका जिन्याखाली एकटेच बसले होते, तिला पाहून हसले होते, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कंत्राटदाराचा माणूस सरांशी बोलत उभा होता. जूनला सहा महिने भरत होते. सोमवारी आपण प्राचार्यांपुढे काकांसाठीही उभं राहायचं, हे तिनं येतानाच ठरवलं होतं. पण उभं राहून काय होईल ते तिला माहीत नव्हतं.

"आई," जान्हवीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, "सोमवारी काका तिथे असतील ना?"